आत्याच्या नावाची लस

माझा आवाज गोड आहे, असं लोक म्हणतात. जीभ कशी आहे ते माझ्या घरच्यांना विचारा.

साथीच्या त्या वर्षात अख्ख्या शहराला माझा आवाज पाठ झाला होता. नगरपालिकेच्या गाड्या टपावर भोंगे लावून गल्लोगल्ली फिरायच्या आणि त्या भोंग्यांतून मी बोलायचे. 'नागरिकांनो, मास्क लावा. नागरिकांनो, अंतर ठेवा.' त्याआधी याच आवाजात मी पाणी बंद असल्याचं आणि रस्ता खोदल्याचं सांगायचे, तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता भाजीवाल्याला नुसतं 'अर्धा किलो टोमॅटो' म्हटलं तरी तो दचकून मास्क नाकावर ओढायचा. माझा नवरा म्हणायचा, "तुझ्याशी वाद घालायचा म्हणजे सरकारविरुद्ध बंड केल्यासारखं वाटतं." वाटतं म्हणे. घालायचा तो घालायचाच.

मजकूर माझा नव्हता, तो वरून यायचा. सोमवारी यायचा तो बुधवारी बदलायचा. बागा बंद, बागा उघड्या, बागेत चालायचं पण बसायचं नाही. टीका तर रोज होत होती. पेपरात डॉक्टर लिहीत होते, टीव्हीवर जाणकार घसा कोरडा करत होते, आणि सरकारचं सगळ्यांना एकच उत्तर होतं, परिस्थिती नियंत्रणात आहे. तेही मीच वाचून दाखवायचे, मधाळ आवाजात.

मग लस आली. म्हणजे आली असं मी सांगितलं. माझ्या आत्यापर्यंत मात्र ती येईना.

आत्याने मला वाढवलं. आई-बाप दोघंही लवकर गेले आणि मी तिच्या पदरात पडले, पदर फाटेल इतका हट्टीपणा घेऊन. ती एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. फुप्फुसं आधीपासून अधू. हा आजार तिला झाला तर काय होईल, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं आणि तिने दाराआडून ऐकलं होतं. साथ सुरू झाल्यापासून ती एकदाही खाली उतरली नव्हती. खिडकीत खुर्ची टाकून बसायची आणि खालून गाडी गेली की माझ्याच आवाजाला उत्तरं द्यायची. 'हात वारंवार धुवा' म्हटलं की, "धुतले गं बाई, आता कातडं उरलंय ते राहू दे."

तिला लस हवी होती आणि मला ती तिच्या दंडात टोचलेली बघायची होती. त्यापलीकडे त्या वर्षात मला काही म्हणजे काही नको होतं.

पण नियम असा होता की आधी मोबाइलवरून नावनोंदणी करायची. मग संकेतांक येणार. मग शहराबाहेरच्या क्रीडासंकुलात जाऊन रांगेत उभं राहायचं. आत्याकडे फोन आहे तो भिंतीला टांगलेला. मी माझ्या मोबाइलवरून प्रयत्न केले. पडद्यावर एक गोल फिरत राहायचा आणि जागा भरल्याचा निरोप यायचा. समजा नोंदणी झालीही असती, तरी ती चार जिने उतरून तिथे जाणार कशी? पाठुंगळीला घेऊन नेलं असतं, पण परत आणेपर्यंत आम्हां दोघींनाही ऑक्सिजन लागला असता.

आता माझ्या कामाची एक रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं रामायण तिथून झालं.

मजकूर हातात आला की मी तो आधी झाडून घेते. म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या खोलीत उभी राहते, एक वाक्य वाचते आणि लगेच त्याला मनात येईल ते उत्तर देते, मोठ्याने, तोंड भरून. मग पुढचं वाक्य. असं केलं की पोटातलं सगळं बाहेर पडतं, घसा मोकळा होतो आणि खरं वाचन लोण्यासारखं होतं. हे झाडणं यंत्रावर मुद्रित करायचे आमचे ध्वनिमुद्रक, कारण त्यावरून त्यांना आवाजाची पातळी लावता यायची. त्यांना मी कानसेन म्हणते. मुंगी शिंकली तरी त्यांना ऐकू जाईल. ते झाडलेलं ठेवायचे लाल पेन ड्राइव्हवर आणि खरं ठेवायचे निळ्यावर. निळा गाडीच्या ड्रायव्हरला जायचा. लाल पुसायचा असायचा.

पुसायचा असायचा, पण कानसेन तो घरी न्यायचे. सकाळच्या चहाबरोबर त्यांची बायको माझं झाडणं ऐकायची. बिचारी घरात कोंडलेली, तिची तेवढीच करमणूक. मला हे ठाऊक नव्हतं. असतं तर मी आणखी रंगवून झाडलं असतं.

त्या दिवशी लशीचा मोठा मजकूर आला होता आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं. मी झाडलं, मग खरं वाचलं, घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कानसेनांच्या बायकोने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "आज ताईंची तब्येत बरी नव्हती का हो? काही मजाच नाही. नुसत्या सूचना."

कानसेन टेबलाकडे धावले. टेबलावर निळा पेन ड्राइव्ह होता.

तोवर गाड्या निघाल्या होत्या. मी घरात पोळपाट पुढ्यात घेऊन बसले होते आणि रस्त्यावरून माझा आवाज आला. आधी नेहमीचा, मधाळ. 'पासष्ट वर्षांवरील नागरिकांनी लशीसाठी मोबाइलवरून नोंदणी करावी.' आणि पाठोपाठ, तोच आवाज, पण आमच्या स्वयंपाकघरातला. 'आणि ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांनी काय करायचं? कबुतर पाठवायचं?'

मी जागच्या जागी थिजले. गाडी संथपणे पुढे चालली होती.

'नोंदणीनंतर आपल्याला संकेतांक येईल. येईल! माझ्या आत्याचा कधीचा निघालाय, गोगलगाईवर बसून येत असेल. लस केवळ क्रीडासंकुलात उपलब्ध आहे. बरोबर, म्हाताऱ्यांची आधी पळायची शर्यत लावा, जो पहिला येईल त्याला लस. नागरिकांनी गर्दी टाळावी. सगळ्या गावाला एका ठिकाणी तुम्ही बोलवायचं आणि गर्दी आम्ही टाळायची! दोन डोसांमधील अंतर वाढवण्यात आले आहे. मागे वाढवलं, मग कमी केलं, आता परत वाढवलं. लस आहे की चड्डीचं इलास्टिक? लशीचा कोणताही तुटवडा नाही. नाही ना? मग द्या की! की अंडी उबवताय त्यावर बसून? चौथ्या मजल्यावर माझी आत्या खिडकीत बसून वाट बघतेय. तिच्यापर्यंत पोचून दाखवा, मग म्हणाल तितके गोडवे गाते तुमचे.'

खिडक्या उघडायला लागल्या. समोरच्या इमारतीत कुणीतरी टाळ्या वाजवल्या. एका गल्लीत म्हणे लोकांनी गाडी अडवून 'पुन्हा एकदा' म्हणून हट्ट धरला, आणि ड्रायव्हरने लावलंही. तो नंतर म्हणाला, "मला वाटलं सरकारनं धोरण बदललं. रोजच बदलतं, म्हटलं आज खरं बोलायचं ठरलं असेल."

फोन वाजला. आत्या.

"ऐकलंस का गं?" ती हसत होती, मधे धापा टाकत होती. "सरकारला कंठ फुटला आज. फक्त ते चड्डीचं तेवढं चारचौघांत नको होतं बोलायला."

"आत्या, माझी नोकरी गेली."

"जाऊ दे. बोललीस छान."

दुपारी साहेबांचं बोलावणं आलं. साहेब म्हणजे प्रसिद्धी खात्याचे अधिकारी, सगळ्या टीकेला उत्तरं लिहिणारा माणूस. टेबलावर वर्तमानपत्रांचा ढीग, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. कानसेन आधीच येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत घाम पुसत बसले होते.

"ताई, चूक माझी," ते पुटपुटले.

"चूक तुमची, जीभ माझी. अर्धं-अर्धं."

साहेब ओरडतील असं मला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. "मॅडम," ते म्हणाले, "डॉक्टर लिहितात, मी उत्तर देतो. विरोधक बोलतात, मी उत्तर देतो. पण आमचीच गाडी आम्हाला शिव्या घालत फिरली तर मी उत्तर कुणाला देऊ?"

मी मान खाली घातली. हसू दाबायचं म्हणजे ती घालावीच लागली.

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. 'आधीच्या घोषणेकडे दुर्लक्ष करावे. ज्येष्ठ नागरिकांना घरपोच लस देण्यात येत आहे. आपण घरीच थांबावे. परिचारिका आपल्या दारी येईल.'

"खरंच घरपोच देताय?" मी विचारलं.

"तत्त्वतः."

बोलाचीच कढी नि बोलाचाच भात. मी कागद परत सरकवायला हात उचलला, तेवढ्यात ते म्हणाले, "तुमच्या आत्यांकडे उद्या सकाळी नर्स जाईल. बाकी चालू राहील तसं चालू राहील. तुम्ही हे वाचायचं आणि पेपरवाल्यांशी एक शब्द बोलायचा नाही."

"आत्याला लस मिळेपर्यंत?"

"त्यानंतरही. दुसरा डोस असतोच की." ते गोड हसले.

मी हो म्हटलं. लगेच, एका दमात. मला लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. कुणी मला त्या वेळी म्हटलं असतं की आत्याच्या लशीसाठी सूर्य पश्चिमेला उगवतो असं वाच, तर मी विचारलं असतं, किती वाजता म्हणून सांगू?

त्या दिवशी झाडलं नाही. सरळ वाचलं. कानसेनांनी काचेपलीकडे पातळी अंदाजानेच लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याकडे गेले तेव्हा गाड्या माझ्या गोड आवाजात सांगत फिरत होत्या की परिचारिका आपल्या दारी येईल. आणि लोकांनी तो शब्द उचलून धरला होता. इमारतीत शिरले तर पहिल्याच मजल्यावर निवृत्त घड्याळजी दारात खुर्ची टाकून, बाही खांद्यापर्यंत गुंडाळून बसलेले. पलीकडच्या दारात शाळेच्या माजी मुख्याध्यापिका, त्यांनी तर दोन्ही बाह्या वर केल्या होत्या, न जाणो कुठला दंड मागतील. दुसऱ्या मजल्यावर तेच. तिसऱ्यावर तेच. सगळी इमारत दंड काढून बसली होती.

थोड्या वेळाने नर्सबाई आल्या. अंगाने भरभक्कम, एका हातात बर्फाची पेटी, दुसऱ्याने कठडा धरलेला. वरून आम्ही कठड्याशी उभ्या राहून ऐकत होतो.

"मी फक्त चौथ्या मजल्यावर आलेय," त्या घड्याळजींना म्हणाल्या.

"असं कसं? गाडीवर सांगितलंय. आपल्या दारी येईल म्हणून. हे माझं दार." घड्याळजींनी दारावर टकटक करून दाखवलं. "सरकार काय खोटं बोलतं?"

मग मुख्याध्यापिका गंभीरपणे म्हणाल्या, "छे, छे. सरकार आणि खोटं?" आणि नर्सबाईंना हसू आवरेना.

खरं म्हणजे त्यांची अडचण वेगळीच होती. लशीच्या एका बाटलीत दहा जणांपुरती लस असते. एकदा उघडली की काही तासांत संपवायची, नाहीतर फेकून द्यायची. साहेबांनी त्यांना एका आत्यासाठी अख्खी बाटली देऊन पाठवलं होतं. "नऊ जणांची मी गटारात ओतायची का?" त्या म्हणाल्या. "मला नाही जमायचं ते. चला, बसा नीट. दंड सैल सोडा."

त्या एकेक मजला चढत, एकेक दार घेत वर आल्या. प्रत्येक मजल्यावर कुणीतरी आपल्या दारातल्या खुर्चीत टोचल्यानंतरचा अर्धा तास बसून राहिलं आणि वरच्या-खालच्यांशी गप्पा मारायला लागलं. इतक्या महिन्यांनी त्या जिन्यात माणसांचे आवाज येत होते. नर्सबाई आमच्या दाराशी पोचल्या तेव्हा बाटलीत एकीपुरती लस उरली होती. मी आत्याची बाही वर करायला घेतली.

आत्याने माझा हात बाजूला केला. "तिसऱ्या मजल्यावर फोटोग्राफरच्या बायकोला मिळाली का?"

"नाही," नर्सबाई म्हणाल्या. "त्यांना म्हटलं, ही वरच्या आजींची."

"तिला द्या. तिला दम्याचा त्रास आहे."

"आत्या!" मी ओरडले.

"मी उद्या घेईन. उद्या या परत."

नर्सबाई खाली गेल्या आणि मी दार लावून घेतलं. मग मी जे काही बोलले ते लाल पेन ड्राइव्हवरसुद्धा मावलं नसतं. आत्या शांतपणे खुर्चीत बसून ऐकत होती. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाली, "संपलं? आता ऐक. माझं राहिलंय म्हटल्यावर तुझ्या त्या साहेबाला उद्या परत बाटली पाठवावी लागेल की नाही?"

मी स्टूल ओढून बसले.

"मी टोचून घेतली की त्यांचं येणं बंद. मग समोरच्या इमारतीतल्यांनी काय करायचं?"

आणि दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आलाच. "झालं ना आत्यांचं?" मी म्हटलं, "नाही हो, बाटली संपली." ते चिडले असते, पण त्यांचीही पंचाईत झाली होती. फोटोग्राफरने म्हातारपणीही हात शिवशिवले म्हणून जिन्यातल्या दंडांचा फोटो काढून वर्तमानपत्राला दिला होता. पहिल्या पानावर आला. 'लस थेट दारात.' मंत्री खूश झाले होते. कौतुक नको असं साहेब म्हणणार कसे?

मग सुरू झाला तो तमाशा. रोज आत्याच्या नावाने एक बाटली निघायची आणि रोज वाटेतच संपायची. समोरच्या इमारतीतले लोक नर्सबाईंना फाटकातच गाठायचे. कुणी म्हणायचं, 'आमच्या दारावरून जाताय तर दारातच झालं की.' नंतर दोन नर्स आणि दोन बाटल्या यायला लागल्या, त्यांना मागच्या गल्लीने ओढून नेलं. आत्याची कारणं दिवसागणिक नवी. आज सर्दी आहे. आज डावा हात दुखतोय, आणि उजवा मला लागतो. आज दुधवाल्याची आई राहिलीय, तिला आधी द्या. खिडकीत बसून ती रस्त्यावर नजर ठेवायची आणि नर्स दिसल्या की ओरडून सांगायची, "अहो, निळ्या दाराच्या घरात दोघं आहेत!" लोक तिला खालून हात करायचे. अख्ख्या मोहल्ल्यात लस टोचून होत आली होती, आणि सरकारी कागदावर लाभार्थी एकच, तीही बिनलशीची.

मी हसायचे, पण आतून जीव टांगणीला लागलेला. फोटो छापणाऱ्या वर्तमानपत्राचा एक वार्ताहर रोज फोन करत होता आणि मी रोज तोडत होते. शब्द दिला होता ना. बरं, शब्द ज्यासाठी दिला ते घडतच नव्हतं. तेलही गेलं, तूपही गेलं, अशातली गत.

मग एक दिवस मागच्या वळणावरचा शिंपी गेला. फार म्हातारा नव्हता की आजारी नव्हता, चांगला धडधाकट माणूस. नर्स त्याच्या शेजारच्या घरापर्यंत पोचल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्याची पाळी होती, पण दुसऱ्या दिवशी त्याच्या घरासमोर रुग्णवाहिका उभी होती. आत्याने त्याच्याकडून वर्षानुवर्षं कपडे शिवून घेतले होते. त्या दुपारी ती खिडकीत बसली नाही.

मी तिच्या पायाशी बसले. "आत्या, बस झालं आता. तू पुढची असशील तर मी काय करू? मला तू हवी आहेस. बाकीचं गाव मला नको."

"असं म्हणू नये," ती म्हणाली. पण तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. "बरं. उद्या घेते. मागची गल्ली संपू दे फक्त."

"सकाळी."

"दुपारी."

"सकाळी!"

"किती ओरडतेस गं. सकाळी."

सकाळी नर्सबाई आल्या त्या साहेबांना घेऊनच. साहेब स्वतः खात्री करायला आले होते. चार जिने चढून ते दारात उभे राहिले तेव्हा त्यांचा श्वास भात्यासारखा चालला होता, आणि बोलता येईना म्हणून नुसता हात वर करून थांबा म्हणत होते. आत्याने त्यांना आपली खुर्ची दिली.

"बसा. लिफ्ट नाही इथे. तत्त्वतः आहे."

त्यांचं ते 'तत्त्वतः' मी तिला सांगितलं होतं, हे साहेबांना तेव्हा कळलं.

नर्सबाईंनी पेटी उघडली. आत्या स्टुलावर बसली. मी तिची बाही वर केली आणि माझ्या लक्षात आलं की तिचा दंड थरथरतोय. हात गार पडला होता. तिने माझी बोटं इतकी घट्ट धरली की दुखायला लागली.

"आत्या, काय झालं?"

"सुई," ती डोळे मिटून म्हणाली. "लहानपणापासून. मेले तरी बघवत नाही."

मी तोंडाचा आ वासून तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे इतके दिवस तू..."

"तेही होतं थोडं. पण खोटं नव्हतं सांगितलेलं. एका दगडात दोन पक्षी. आता बोलू नकोस, टोचू दे."

टोचून झालं. नर्सबाई म्हणाल्या, "झालं आजी," आणि आत्याने एक डोळा उघडून विचारलं, "खरंच?" मी रडायला लागले. रडत होते आणि हसतही होते. नाक मास्कच्या आत वाहत होतं आणि मला पुसताही येत नव्हतं. इतकं हलकं मला त्या वर्षात एकदाही वाटलं नव्हतं.

साहेबांनीही सुटकेचा निःश्वास सोडला. आता त्यांचा दम परत आला होता. "छान झालं. म्हणजे हे प्रकरण मिटलं. नर्सबाई, उद्यापासून तुम्ही संकुलावर. आणि मॅडम," ते माझ्याकडे वळले, "आपलं ठरलंय ते लक्षात आहे ना? आत्यांच्या दुसऱ्या डोसचीही मी व्यवस्था करतो. फक्त आपला शब्द."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? पलीकडच्या पेठेतली म्हातारी माणसं अजून दारात खुर्च्या टाकून बसलेली होती, माझ्या आवाजावर विश्वास ठेवून. मला ते ठाऊक होतं. पण दुसऱ्या डोसाची दोरी साहेबांच्या हातात होती.

"काय ठरलंय गं?" आत्याने विचारलं.

मी मास्क नीट केला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. नर्सबाई पेटी आवरायला लागल्या, पण कान इकडेच.

"सांग."

मी सांगितलं. की तिला लस आणि मला कुलूप. आत्या दंडावरचा कापूस दाबून धरून ऐकत होती. मला वाटलं साहेबांवर भडकेल. ती माझ्यावरच भडकली.

"माझ्या दंडासाठी तू तुझं तोंड विकलंस? लहानपणी तुला गप्प बसवता बसवता माझी अर्धी हयात गेली, मला जमलं नाही, आणि यांना एका सुईत जमलं?"

"आत्या, दुसरा डोस..."

"दुसरा मी क्रीडासंकुलात घेईन. रांगेत उभी राहून, बाकीचे घेतात तसा."

"चार जिने आहेत."

"उतरेन. एकेका मजल्यावर बसत बसत. आता तर सगळी दारं उघडी आहेत, प्रत्येक दारात खुर्ची आहे. चहासुद्धा मिळेल." मग ती साहेबांकडे वळली. तिचा चेहरा अजून पांढराफटक होता. "काय साहेब, मला द्यायचं तुमच्या हातात आता काही राहिलं नाही ना?"

खुर्चीतून उठावं की बसून राहावं, ते साहेबांना समजेना.

आत्याने कोपराने मला ढोसलं. "मग बसलीस काय अशी? बोल की."

मी पर्समधून मोबाइल काढला आणि वार्ताहराचा नंबर लावला. पहिल्याच घंटीला त्याने उचलला. मी घसा साफ केला. पलीकडच्या पेठेत दारात मांडलेल्या खुर्च्यांपासून सुरुवात करायचं ठरवलं आणि साहेबांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नमस्कार. मीच ती, गाडीवरची. पेन आहे ना हाताशी? मोठं आहे, निवांत लिहून घ्या."